खोबऱ्याचा रंग फोटोत येत नाही

मी फोटोग्राफर नव्हते. जळगावात एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम बनवायचे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नवरीच्या गालावरचे डाग पुसायचे, मामांच्या टकलावर चमकलेला फ्लॅश घालवायचा, घोळक्यात कुणाचे डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून त्याला बसवायचे. अकरा वर्षं हेच केलं. त्यामुळे फोटोत काय काय चुकतं ते मला नीट माहीत होतं, पण कॅमेरा हातात घेऊन कुणासमोर उभी राहिले नव्हते.

स्टुडिओच्या मालकांना आम्ही नाना म्हणतो. एका हिवाळ्यात त्यांच्याकडे वेगळंच काम आलं. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यावर, एक नवं खान्देशी भोजनालय सुरू होणार होतं आणि त्याच्या मेनूकार्डासाठी पदार्थांचे फोटो हवे होते. नानांना लग्नसराईतून सवड नव्हती. ते मला म्हणाले, तू जा, जेवणाचं काम आहे, तुला जास्त कळेल. मला हसू आलं, कारण घरी सासूबाई माझ्या हातचं वरण पण चाखून मगच ताटात घेतात. पण मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं.

आठवडाभर मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. परदेशातली माणसं जेवणाचे फोटो कसे काढतात ते पाहून मी थक्क झाले. रश्शातल्या फोडी तळाशी बसू नयेत म्हणून वाटीत आधी स्पंज ठेवतात. भाजी अर्धी कच्चीच ठेवतात, म्हणजे रंग टिकतो. वाफ दिसावी म्हणून गरम पाण्यात बुडवलेला कापूस ताटामागे लपवतात, नाहीतर उदबत्ती लावतात. पानावरचे पाण्याचे थेंब ओघळू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळतात. मी सगळं एका वहीत लिहून घेतलं. फोटो काढून झाल्यावर डाग पुसायची मला सवय होती. इथे तर आधीच सगळं पुसून-सावरून ठेवायचं होतं. मला ते फार नवलाचं वाटलं.

भोजनालयाचं रंगकाम अजून चालू होतं, पण मागचं स्वयंपाकघर तयार होतं. मालक चाळिशीचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. स्वयंपाक एका साठीच्या बाईंच्या हातात होता. त्या मूळच्या भडगावच्या. लग्नाच्या पंगतींना वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी करण्यात त्यांचं नाव होतं, म्हणून भाऊंनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्या हाताखाली कणीक मळायला आणखी एक बाई होती. अक्का कमी बोलायच्या आणि बोलल्या तर अहिराणीत. माझी वही पाहून त्यांनी काहीच विचारलं नाही.

भाजी धुवायच्या जागी मागचं दार होतं. तिथून सकाळचा चांगला उजेड यायचा. भाजीचे दोन कॅरेट पालथे घालून मी वर प्लायवूड ठेवलं, समोरून उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला आणि कामाला लागले. पहिला पदार्थ होता भरीत. मोठ्या हिरव्या वांग्यांचं, कपाशीच्या वाळक्या काट्यांवर भाजून ठेचलेलं, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. घरात ते पाहिलं की तोंडाला पाणी सुटतं. कॅमेऱ्यात पाहिलं तर चिखल. मी वाटी बदलली, ताट बदललं, भरिताखाली पालथी वाटी ठेवून त्याला उंची दिली. उंच चिखल झाला. मिरच्या रोवल्या, लिंबू ठेवलं, तरी काही नाही.

मग मी वाफेचा प्रयोग करायचं ठरवलं. वाटीमागे मोगऱ्याच्या दोन उदबत्त्या लावल्या. पाच मिनिटांत स्वयंपाकघराचं देऊळ झालं. कणीक मळणाऱ्या बाईंनी पदर नाकाला लावला. अक्का माझ्याजवळच, हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी वर जाणारा धूर पाहिला आणि काय जळलं, म्हणून विचारलं. मला वाटलं, त्या माझी थट्टा करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्याच दिवशी दुपारी बट्टीचा फोटो होता. बट्टी म्हणजे कणकेचे गोळे उकडून, कापून, तुपात तळलेले. थंडी एवढी होती की तुपाचा हात लावला की ते जागच्या जागी थिजून पांढरं पडायचं, आणि बट्टीवर बुरशी आल्यासारखं दिसायचं. ग्लिसरीन मी घरी विसरले होते. माझ्या पर्समध्ये बदामाच्या केशतेलाची छोटी बाटली होती, ते तेल थिजत नाही. मी ब्रशने चार बट्ट्यांना ते लावलं. बट्ट्या अशा चमकल्या की मी स्वतःवरच खूश झाले. भराभर फोटो काढले आणि कॅमेऱ्यात बघत राहिले.

मान वर केली तेव्हा अक्कांनी त्या ताटातली एक बट्टी उचलून मोडली होती. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. वरणात बुडवून तो तुकडा त्या तोंडाजवळ नेत होत्या.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "अक्का, खाऊ नका. त्याला केसांचं तेल लावलंय."

त्या तेलाचा वास मला दोन हात लांबूनही येत होता. अक्कांनी तुकडा नाकाजवळ नेला, थांबल्या, आणि पुन्हा ताटात ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला उदबत्ती आठवली. कणीक मळणाऱ्या बाई बाहेर भांडी घासत होत्या. अक्कांनी एकदा दाराकडे पाहिलं.

"माले वास येस नही," त्या म्हणाल्या. "दोन वरीस व्हई ग्यात."

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. कोरोनाचा ताप येऊन गेला, चव गेली, वास गेला. दोन महिन्यांत जिभेची चव बरीचशी परत आली. मीठ कळतं, आंबट-गोड कळतं, तिखट तर कळतंच. वास मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वाट पाहा. त्या वाट पाहत राहिल्या आणि तेवढ्यात लग्नसराई आली. पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला वास येत नाही हे कळलं तर कोण बोलावणार? म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, सुनेलाही नाही. मलाही म्हणाल्या, "कोनले सांगू नको, माय."

मी शब्द दिला. पण माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला होता. वास येत नसताना या बाई पंगतीच्या पंगती कशा जेवू घालतात? मी तसं विचारलंच. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "मी डोयाघाई रांधस." डोळ्यांनी रांधते. आणि कानांनीही, असं सांगून त्यांनी मला कढईजवळ उभं केलं.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. काळा मसाला तेलात पडला की आधी मोठे, सुटे बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात, मग कडेने तेल सुटायला लागतं आणि त्या तेलाला तांबूस रंग चढतो. तो रंग चढला की मसाल्याचा कच्चा वास गेला, असं समजायचं. कांद्याची कड आधी पारदर्शक होते, मग तपकिरी, आणि तपकिरी झाल्यावर फार तर चार वेळा हलवायला सवड असते. लसूण बोलायचा थांबला की काढायचा. हे सगळं त्यांना आधीही माहीत असणारच, पण नाक होतं तेव्हा त्याकडे बघायची गरज पडली नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्या पहिल्यांदा बघायला शिकल्या होत्या. मी विचारलं, हे जमायला किती दिवस लागले? त्या म्हणाल्या, पहिलं वर्ष भीतीतच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी ती वही उघडलीच नाही. अक्कांनाच भरिताचं विचारलं. त्यांनी माझे आदल्या दिवसाचे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, हे मेलेलं भरीत आहे. भरीत दहा मिनिटं ठेवलं की त्याला पाणी सुटतं आणि रंग बसतो. मी तर त्याला अर्धा तास मिरच्या रोवत बसले होते.

मग आम्ही काम उलट्या बाजूने सुरू केलं. त्याच आकाराचं जुनं ताट घ्यायचं, भरिताच्या जागी कणकेचा गोळा ठेवायचा आणि त्या गोळ्यावर उजेड, कोन, थर्माकोल सगळं बसवून घ्यायचं. तोवर खरा पदार्थ चुलीवरच. सगळं जुळलं की अक्का गरम भरीत आणायच्या, उलथन्याच्या पाठीने एकदाच ओढून पसरायच्या, त्यात रेघा उठायच्या आणि रेघांमध्ये तेल उभं राहायचं. दारातून तिरपा उजेड आला की एकेक रेघ दिसायची. पात सगळ्यात शेवटी. मी कॅमेऱ्याला डोळा लावून वाट पाहायची. त्या माझ्या खांद्याशी उभ्या राहून ताटाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, थांब. थांब. आणि मग, "आते." आता.

प्रत्येक पदार्थाचं "आते" निराळं होतं. शेवभाजीत शेव टाकल्यावर जेमतेम मिनिटभर ती कुरकुरीत दिसते, मग फुगते. पण टाकल्या टाकल्या काढलेला फोटोही चांगला येत नाही, शेव रश्शावर उपऱ्यासारखी बसते. थोडा रस्सा पिऊ द्यायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावरून उतरल्यावर क्षणभर फुगलेली असते, पण अक्का म्हणाल्या, फुगलेल्या भाकरीचा फोटो कशाला, तिला मोडून ठेव, म्हणजे आतली वाफ दिसेल. मोडल्यावर खरंच वाफ दिसली, काळ्या कापडापुढे, उदबत्तीशिवाय. बट्टीलाही केशतेलाची गरज पडली नाही. थिजायच्या आत फोटो काढायचा, एवढंच. आम्ही चार बट्ट्यांऐवजी एकेक बट्टी आणली.

मला या कामाचा नादच लागला. घरी स्वयंपाक करतानाही मी कढईत वाकून बघत राहायची. एकदा तशी बघता बघता भाजी करपली. सासूबाई म्हणाल्या, भाजीचा फोटो काढ, तेवढीच कामी येईल.

चौथ्या की पाचव्या खेपेला भाऊंकडे पाहुणे आले होते. त्यांच्या नात्यातलं लग्न होतं, दोनशे माणसांची पंगत अक्कांकडे द्यायचं जवळपास ठरलं होतं आणि पाहुणे चव बघायला आले होते. अक्का मसाल्याचं खोबरं भाजायला घेत होत्या. मी शेजारी कॅमेऱ्याची बॅग उघडली आणि मला वास आला. खोबरं खवट झालेलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच. कणीक मळणाऱ्या बाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. पाहुणे आणि भाऊ दारात उभे होते, त्यांच्यापर्यंत वास गेला नव्हता. अक्कांनी मूठभर काप तव्यावर टाकायला उचलले.

वास येतो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, अक्कांना कसा आला नाही. मी म्हटलं, "अक्का, या खोबऱ्याचा रंग फोटोत येत नाही. दुसरं घ्या ना."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, खोबरं वाटून मसाल्यात जाणार, ते फोटोत कुठे दिसतंय? त्यांचं बरोबरच होतं. मी तिथल्या तिथे ठोकून दिलं की मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर नुसत्या मसाल्याच्या जिनसांचा फोटो टाकायचा आहे, सुपात मांडून. तसं काही ठरलं नव्हतं. भाऊ पाहुण्यांकडे बघून हसले, फोटोवाल्यांचं काही खरं नाही, असं काहीतरी म्हणाले आणि त्यांनी दुकानातून दुसरं खोबरं मागवलं.

अक्का हातातल्या कापांकडे बघत होत्या. त्यांनी एक उलटसुलट करून पाहिला, कड पाहिली, दाताने तोडला. रंगात खरंच काही फरक नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मूठ पिशवीत रिकामी केली.

दुसरं खोबरं आलं, जेवण उत्तम झालं, पाहुणे दोनदा रस्सा मागून घेऊन जेवले. मला मात्र थाप निभवायला सुपाचा फोटो काढावा लागला. धणे, लाल मिरच्या, दगडफूल, नवं खोबरं. तो फोटो भाऊंना इतका आवडला की कार्डाच्या पहिल्या पानावर तोच गेला.

पाहुणे गेल्यावर अक्कांनी मला विचारलं, "खवट व्हतं?" मी मान हलवली. त्या भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, आज तू होतीस. लग्नात तू नसशील, आणि दोनशे माणसं माझ्या विश्वासावर पानावर बसतील. मी म्हटलं, भाऊंना नाही सांगितलं तरी चालेल, आपण काहीतरी युक्ती काढू. त्या उठल्या. पदराने हात पुसले आणि गल्ल्याकडे गेल्या. भाऊ रंगाऱ्याशी बोलत होते. अक्कांनी रंगारी जाईपर्यंत वाट पाहिली आणि मला सांगितलं होतं त्याच शब्दांत त्यांना सांगितलं.

भाऊंनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, खोबऱ्याचं ते म्हणूनच होतं का? अक्का हो म्हणाल्या. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

लग्नाची पंगत त्यांनी चोपड्याच्या एका आचाऱ्याला दिली. मला त्यांचा राग आला. दोन दिवसांनी तेवढा उरला नाही, कारण त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला सांगता आलं नसतं. भोजनालयातून मात्र त्यांनी अक्कांना काढलं नाही. बाहेरून येणारा जिन्नस वास घेऊन उतरवून घ्यायचं काम कणीक मळणाऱ्या बाईंकडे दिलं आणि स्वयंपाक अक्कांकडेच ठेवला. पंगत गेल्याचं अक्कांना लागलं. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशीही कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी भाजी घोटता घोटता म्हणाल्या की रात्री झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

सुनेला त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं. सून आधी चिडली, दोन वर्षं मला का नाही सांगितलं म्हणून. मग तिने स्वतःच घरचा मसाला भाजताना वास घ्यायचं काम अंगावर घेतलं. अक्कांचं तेवढ्यावर भागेना. त्या तिला सारखं विचारायच्या, काय वास येस? सून म्हणायची, चांगला येतोय. चांगला म्हणजे कसा? कालच्यासारखा की कमी? सुनेला सांगता यायचं नाही. ती मला फोनवर म्हणाली, ताई, मला वास येतो, पण त्याला काय म्हणायचं ते येत नाही. आता ती बरंच सांगायला शिकली आहे. ओल्या मातीसारखा, लोखंडासारखा, गोड होऊन करपायला आलेला, असं काहीबाही सांगते. पुढच्या हिवाळ्यात लहान पंगती पुन्हा येऊ लागल्या. आता सासू-सून जोडीने जातात आणि काम घेतानाच सांगतात, कुणाला काय येतं आणि काय येत नाही. काही लोक परत जातात. काही थांबतात.

मेनूकार्ड पाहून मला आणखी कामं मिळाली. आठवड्याचे तीन दिवस मी अजून अल्बमच बनवते, उरलेल्या दिवशी खाण्याचे फोटो काढते. अवघड पदार्थ असला तर अक्कांना फोटो पाठवते. त्या फोटो बघून सांगतात, तेल कच्चं आहे, किंवा भात कालचा आहे. एकदा एका खानावळवाल्याला मी सहज विचारलं, भात कालचा का? तो एवढा गोंधळला की मी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

परवा फैजपूरला केळीच्या वेफर्सच्या पाकिटासाठी गेले होते. अक्कांना सुट्टी होती, त्या सोबत आल्या. शेडमध्ये मोठी कढई होती आणि माणूस किसणीवर केळं धरून चकत्या थेट तेलात सोडत होता. चकत्या आधी बुडायच्या, मग एकेक वर यायच्या. मी कोन शोधत होते. अक्का कढईपासून थोड्या दूर, बुडबुड्यांकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, वास कसा येतो?

मी म्हटलं, तळणीचा. त्या म्हणाल्या, ते मला दिसतंय.

मी कॅमेरा खाली घेतला आणि नीट वास घेतला. मग सांगितलं, आधी केळीच्या चिकाचा येतो, ओलं लाकूड कापल्यासारखा. चकती वर आली की तो जातो आणि भाजलेल्या पिठासारखा येतो, भाकरी तव्यावर उलटल्यावर येतो तसा, पण त्याहून जरा गोड. आणि त्यामागे हळदीचं पाणी शिंपडतात त्याचा, किंचित कडवट.

त्या ऐकत होत्या. नजर कढईवरच होती. कोणता बुडबुडा कोणत्या वासाचा, ते बहुधा जुळवत असाव्यात.

"आखो सांग," त्या म्हणाल्या. आणखी सांग.

मी कॅमेरा शेजारच्या केळीच्या कॅरेटवर ठेवला आणि कढईच्या आणखी जवळ गेले.